खुराड्याचे झरोके

एकतीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस घरात कसा बसतो हे बघायचं असेल, तर त्या हिवाळ्यात उस्तादांच्या घरी जायला हवं होतं. ते बसायचेच नाहीत. बायको सकाळी कामाला गेली की पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून मागच्या दारात, आणि दारातून परत पुढच्या खोलीत अशा त्यांच्या फेऱ्या सुरू व्हायच्या. कधी खुर्चीत टेकलेच, तरी उजवं पाऊल जमिनीवर दाबलं जायचं, सुटायचं, पुन्हा दाबलं जायचं. डेपोत सगळे त्यांना उस्ताद म्हणत आणि त्यांच्या बायकोला वहिनी, तेव्हा आपणही तसंच म्हणू.

झालं होतं असं. पानगळीच्या दिवसांत, भर दुपारी, सरळसोट रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवताना उस्तादांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. दोन-तीन सेकंदच. भानावर आले तेव्हा चाकं रस्ता ओलांडून पलीकडच्या खडीवर गेली होती. समोरून कुणी येत नव्हतं म्हणून निभावलं. पाहिलंही कुणी नव्हतं. तरी दोन दिवसांनी ते आपणहून मालकांकडे गेले, किल्ली टेबलावर ठेवली आणि घडलं ते सांगितलं. मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, पण काही सापडलं नाही. शेवटी असं ठरलं की हिवाळाभर गाडी चालवायची नाही. पुन्हा चक्कर आली तर त्याच दिवशी दवाखान्यात यायचं, आणि नाही आली तर थंडी सरल्यावर बघू.

'नाही आली तर' हे तीन शब्द उस्तादांनी मनाशी घट्ट धरून ठेवले.

त्याच सुमारास त्यांच्या लेकीची बदली झाली. नव्या गावी तिला तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं, त्यामुळे तिनं हौसेनं पाळलेल्या सात कोंबड्या खुराड्यासकट आईवडिलांच्या परसात येऊन पडल्या. बाबांना तेवढाच विरंगुळा, असं ती म्हणाली. उस्तादांना या शब्दाचा राग आला. कोंबड्या मात्र त्यांनी अंगावर घेतल्या, आणि ट्रकची देखभाल करावी तशी त्यांची देखभाल सुरू केली. दाराची बिजागरी, छपराचे खिळे, पाण्याचं भांडं, दाणा, पेंढा अशी सगळी तपासणी सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा व्हायची. एक तांबडी कोंबडी बाकीच्यांना टोचून टोचून रांगेत ठेवायची, तिचं नाव त्यांनी मुकादमीण ठेवलं. एक करडी होती, ती कुणाच्या अध्यात ना मध्यात. बाकीच्यांना नावं द्यायची त्यांना गरज वाटली नाही.

मग बर्फ पडलं आणि अंडी बंद झाली. उस्तादांनी दाणा बदलून पाहिला, पेंढा बदलून पाहिला, लेकीला दिवसातून दोनदा फोन केला. वहिनींचं लहानपण कोंबड्यांच्या मागे धावण्यात गेलेलं होतं. त्यांनी समजावलं की दिवस लहान झाला की कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतात, त्यांनाही सुट्टी लागते. सुट्टी हा शब्दही उस्तादांना त्या दिवसांत आवडत नव्हता.

वहिनी इस्पितळाच्या शिवणखोलीत होत्या. दिवसभर फाटक्या चादरी आणि उसवलेले झगे शिवायचे, आणि घरी आल्यावर पुन्हा सुईच हातात घ्यायची. पण ही सुई वेगळी. पुढच्या खोलीत लाकडी चौकटीवर लेकीसाठी एक मोठी गोधडी ताणलेली होती. निळे, राखाडी आणि मोहरीच्या फुलासारखे पिवळे तुकडे. शेगडी पेटवून त्या तिच्यापाशी बसल्या की उस्ताद त्यांच्याभोवती घिरट्या घालायचे. एक दिवस वहिनींनी वैतागून त्यांच्या हातात सुई दिली आणि कडेच्या एका चौकोनावर धावदोरा घालायला बसवलं. पहिले टाके असे पडले की वहिनींनी ते बोटानं मोजले आणि म्हणाल्या, दोन टाक्यांच्या मध्ये एक गाव मावेल. उस्तादांनी उसवून पुन्हा घातले. त्या संध्याकाळी ते दीड तास एका जागी होते. पाऊलसुद्धा हललं नाही, हे वहिनींनी पाहिलं आणि मुद्दामच बोलून दाखवलं नाही.

दिवसा मात्र सुई पुरायची नाही. थंडी वाढत चालली होती. पाण्याचं भांडं दोन तासांत गोठायचं, मग उस्ताद गरम पाण्याचा डबा घेऊन परसात जायचे आणि बर्फाची चकती फोडून टाकायचे.

अशाच एका सकाळी ते खुराड्यात वाकले, आणि त्यानंतरचं त्यांना आठवत नव्हतं. डोळे उघडले तेव्हा गाल पेंढ्यात होता. डबा कलंडला होता, पण सुदैवानं पाणी पलीकडे सांडलं होतं. मुकादमीण त्यांच्या खांद्यावर उभी राहून कॉलर टोचत होती. ते उठले, कपडे झटकले, डबा घरात नेला आणि जागेवर ठेवला. दवाखान्यात गेले नाहीत. वहिनी आल्यावर त्यांनी दिवस कसा गेला ते सांगितलं, त्यात एवढं एक सोडून बाकी सगळं होतं.

आता परसात जायची त्यांना धास्ती वाटू लागली. दिवसाला सहा फेऱ्यांऐवजी दोन झाल्या तर पडायची भीती तेवढी कमी, असा हिशेब त्यांनी मनाशी केला. त्यासाठी खुराडं आत उबदार राहायला हवं होतं. छपराखाली दोन्ही बाजूंना हवेसाठी झरोके होते. उस्तादांनी वहिनींच्या पिशवीतला गोधडीत भरायचा कापूस काढला, झरोक्यांत गच्च कोंबला आणि बाहेरून पोती ठोकली. दाराच्या फटीही बुजवल्या. पाणी गोठेनासं झालं. तेव्हा ते सकाळी आणि दुपारी हात आत घालून भांडं भरायचे, घाईनं दार लावून घ्यायचे आणि खिडकीत येऊन उभे राहायचे. तिथून हमरस्त्यावरच्या गाड्या दिसत नसत, पण ऐकू येत. कोण चढावर कितव्या गिअरवर आहे हे त्यांना आवाजावरून कळायचं.

पुढच्याच्या पुढच्या रविवारी वहिनींनी गोधडीची शेवटची कड भरायला पिशवी उघडली, तर आत जेमतेम मूठभर कापूस. विचारल्यावर उस्तादांनी सांगितलं, पण फक्त कापूस कुठे गेला ते. वहिनी हातातली सुई चौकटीला टोचून तशाच परसात गेल्या.

दार उघडताच उग्र वासाचा भपकारा त्यांच्या डोळ्यांत गेला. भिंती ओल्या होत्या, छपराला दहिवर धरलं होतं. कोंबड्यांच्या तुऱ्यांची टोकं काळी पडली होती. करडी एका पायावर उभी होती, दुसरा पाय खाली टेकवत नव्हती. आणि दांडीखाली, पेंढ्यात, एक बिननावाची कोंबडी मरून पडली होती.

जनावरांची डॉक्टरीण दोन गल्ल्या सोडून राहायची. ती आली, एकेका कोंबडीला काखेत धरून तपासलं, तुऱ्यांना मलम लावलं. करडीची दोन बोटं जातील असं म्हणाली. मग पोती उपटून काढता काढता तिनं शांतपणे सांगितलं की कोरडी थंडी कोंबड्यांना सोसते, पिसांची गोधडी त्यांच्या अंगावर असतेच. सोसत नाही ती ओल. कोंडलेल्या जागेत त्यांच्याच श्वासाचं पाणी होतं, ते तुऱ्यावर बसतं आणि पहाटे गारठा वाढला की गोठतं. झरोके असे का बुजवले, हे तिनं विचारलं. उस्ताद म्हणाले, चुकलं.

ती गेल्यावर ते पहार घेऊन मेलेल्या कोंबडीसाठी खड्डा खणायला लागले. जमीन दगडासारखी झाली होती. पहार आपटायची आणि उडून मागे यायची. वहिनी म्हणाल्या, राहू द्या, ऊन पडल्यावर बघू. ते थांबले नाहीत. चेहरा पांढराफटक पडला तेव्हा वहिनींनी पुढे होऊन पहार धरली. दोघांचे हात तिच्यावरच होते.

"मला परत चक्कर आली होती," उस्ताद म्हणाले. "इथेच. तेरा दिवस झाले."

"पडलात?"

"पडलो."

"किती वेळ पडून होतात?"

"माहीत नाही. उठलो तेव्हा डब्यातलं उरलेलं पाणी गार झालं होतं."

वहिनींनी त्यांच्या हातातून पहार सोडवून घेतली आणि भिंतीला टेकवली. त्या रोज सात वाजता या माणसाच्या भरवशावर घर सोडून जात होत्या, आणि तेरा संध्याकाळी त्यानं समोर बसून सुईत दोरा ओवून दिला होता.

"मालकांना सांगताना जीभ अडली नाही," त्या म्हणाल्या. "मलाच सांगताना अडली."

"तेव्हा गाडी खरंच जाईल असं वाटलं नव्हतं. आता वाटलं."

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?"

बोलून झाल्यावर दोघांचीही नजर खुराड्याकडे गेली. या बोलण्याचं हसू त्यांना आठवड्यानंतर आलं. त्या वेळी नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी रजा टाकली आणि त्यांना इस्पितळात नेलं. छातीला तारा चिकटवून चार दिवस एक यंत्र गळ्यात अडकवून ठेवलं. त्यात दिसलं की उस्तादांचं हृदय अधूनमधून थांबतं, चार-चार सेकंद, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू होतं. डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसवला. डॉक्टर म्हणाले की माणूस ठणठणीत होईल, छोटी गाडीही पुढेमागे चालवेल, पण अवजड गाडी आता नाही. उस्तादांनी मान डोलावली. घरी येताना टॅक्सीच्या ड्रायव्हरला मात्र त्यांनी तीनदा सांगितलं की क्लचवर पाय ठेवून चालवू नये.

सहा आठवडे डावा हात वर करायचा नव्हता. परसातली कामं वहिनी जाण्यायेण्याच्या वेळी उरकायच्या. करडीचा पाय बरा होईपर्यंत तिला पेंढ्याच्या खोक्यात घालून पुढच्या खोलीत ठेवलं होतं. तीही खोक्यात राहायची नाही. लंगडत बाहेर यायची, चौकटीखाली लोंबणारा दोरा ओढायची, हाकलली की पुन्हा यायची. उस्ताद म्हणायचे, या घरात एकाच जागी बसणारं माणूस फक्त आपली बायको, आणि तिलाच रोज कामावर जावं लागतं. मोठी गोधडी लेकीकडे रवाना झाल्यावर त्यांनी स्वतःची एक लहान ताणून घेतली होती. रंग निवडताना ते बराच वेळ घालवायचे. तांबड्याशेजारी हिरवा ठेवायचे, काढायचे, लांब जाऊन बघायचे. टाके आता बारीक पडत होते. एखादी ओळ सरळ उतरली की ती अंगठ्यानं पुन्हा पुन्हा चाचपायचे, आणि वहिनी आल्या आल्या त्यांना तिथपर्यंत घेऊन यायचे. पण दूरवर एखादी गाडी चढावर अडखळली की सुई हवेतच थांबायची.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा ते डेपोत गेले. कागदांवर सह्या करायच्या होत्या, त्या घरीही झाल्या असत्या, पण त्यांनी स्वतःच जायचं ठरवलं. त्यांच्या गाडीवर आता एक चाळिशीची बाई होती. ती त्यांना खाली उतरून भेटली. उस्तादांनी तिला सांगितलं की सोसाट्याचा वारा असला की गाडी डावीकडे ओढते, दुसरा गिअर गार असताना जबरदस्तीनं टाकायचा नाही, आणि डाव्या आरशाचा स्क्रू दर महिन्याला आवळावा लागतो. तिनं सगळं ऐकून घेतलं, दुसऱ्या गिअरचं तर दोनदा विचारलं. वर बसून बघता का, असंही ती म्हणाली. नको म्हणाले.

वहिनी त्या दिवशी लवकर घरी आल्या होत्या. त्यांनी चहा पुढे ठेवला आणि कशी आहे ती बाई, एवढंच विचारलं.

"चांगली आहे. हात हलका आहे." त्यांनी दोन घोट घेतले. "माझ्यापेक्षा हलका असेल."

"वाईट वाटलं?"

"वाटलं ना."

वहिनींनी आपली खुर्ची सरकवून चौकटीपाशी जागा करून दिली. उस्ताद बसले. थोड्या वेळानं उठले, खिडकीपर्यंत गेले, पडदा उगाच सारखा केला, परत येऊन बसले आणि तिसऱ्या प्रयत्नात त्यांनी सुईत दोरा ओवला.