गच्चीवरचा स्क्रूड्रायव्हर

दर शनिवारी संध्याकाळी आमच्या तारनाक्याच्या घराच्या गच्चीवर तीन पुरुष हसत बसायचे, आणि ते कशाला हसतात हे मला कित्येक वर्षं कळलेलं नव्हतं.

त्यांतले एक म्हणजे माझे यजमान, सुधीर. रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले इंजिनीअर. दुसरे किशोर, काचीगुड्याचे वकील, आमच्यासारखेच हैदराबादेत जन्मलेले मराठी. तिसरे रेड्डी, सुधीरबरोबर नोकरी केलेले आणि मागच्याच गल्लीत राहणारे. आणि मी मंगला, जामबागच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून आता घरी बसलेली. घरी बसलेली म्हणजे शनिवारी स्वयंपाकघरात उभी असलेली.

गच्चीचा जिना स्वयंपाकघराला लागूनच आहे. त्यामुळे वरचं हसणं खाली ऐकू यायचं, शब्द मात्र यायचे नाहीत. मी मिरचीची भजी तळायची, शेंगदाण्यांवर कांदा-लिंबू घालायची आणि ताटली घेऊन वर जायची. माझी चाहूल लागली की वर चिडीचूप. तिघेही सावरून बसायचे, मी तपासलेले पेपर वाटायला वर्गात आल्यासारखे. "कशाला त्रास घेतला, वहिनी," असं किशोर म्हणायचे. मी खाली आले, की पुन्हा हास्याचा गडगडाट.

"काय एवढं हसत होता?" असं मी रात्री जेवताना विचारलं, तर सुधीरचं उत्तर ठरलेलं. "काही नाही गं, असंच."

या 'असंच'ने माझं डोकं फिरायचं. कारण घरात हा माणूस पेपराआडून बाहेर येत नसे. मी दिवसभराचं सगळं सांगायची. भाजीवाल्याशी काय वाजलं, गॅसवाला काय म्हणाला, बँकेत काय तमाशा झाला. पेपरामागून फक्त 'हं' यायचं. कधी कधी तेही नाही. बाहेरच्या दोघांना पोट धरून हसवणारा माणूस मला एक धड वाक्य देत नाही, याचा राग तर यायचाच, पण खरं सांगायचं तर वाईट वाटायचं. आपल्याशी बोलण्यासारखं याच्याकडे काहीच उरलेलं नाही, असं वाटायचं.

आधी मी सगळा दोष बाटलीवर टाकला होता. पुरुष माणसं दोन घोट घेतात, वाह्यात विनोद करतात, बायकांसमोर कसे सांगणार. मग आंध्रात दारूबंदी आली. गच्चीवर रमच्या जागी माझा लिंबू-सोडा जाऊ लागला. मला वाटलं, आता बसतील गप्प. छे. लिंबू-सोड्यावरही तिघे तसेच खिदळत होते. म्हणजे दारू बिचारी निर्दोष होती, आणि माझ्याकडे दुसरा आरोपी नव्हता.

बंदी उठली, आणि त्यानंतर आमचा मुलगा सुमित कंपनीच्या कामासाठी सिंगापूरला जाऊन आला. कॉम्प्युटरवाल्यांचे दिवस पालटले होते, पोरं बेगमपेठच्या विमानतळावर एसटी स्टँडवर उतरावं तशी उतरत होती. त्याने मला एक नॉनस्टिक तवा आणला आणि बाबांना व्होडकाची बाटली.

"बाबा, रम सोडा आता. यात संत्र्याचा रस घाला, बर्फ घाला, बस्स. स्क्रूड्रायव्हर म्हणतात याला."

नाव ऐकूनच सुधीर खूश झाले. जन्मभर जे हत्यार हातात धरलं ते आता पेल्यात येणार, याचं त्यांना फार अप्रूप वाटलं. किशोर आणि रेड्डींना त्यांनी फोन करून सांगितलं, की या शनिवारी रम नाही, काहीतरी वेगळं आहे.

एप्रिल होता. संत्री संपली होती. गाड्यांवर ढीग होते बत्तायीचे. बत्तायी म्हणजे मोसंबी, पण तारनाक्याला मोसंबी मागितली तर गाडीवाला तुमच्या तोंडाकडे बघत राहतो. सुधीर पिशवी भरून बत्तायी घेऊन आले आणि भर दुपारी रस काढायला बसले.

"आत्ता काढू नका," मी म्हटलं. "बत्तायीचा रस ठेवला की कडू होतो."

"फ्रिजमध्ये ठेवणार आहे गं. संध्याकाळचं काम आधी उरकलं की घाई होत नाही. याला प्लॅनिंग म्हणतात."

घरात कुणी टायफॉइडने पडलेलं असेल आणि त्याला रस पाजला असेल, तर त्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. पण मी एक गोष्ट एकदाच सांगते. वर्गातही तसंच करत असे. सुधीरनी चांगला जग भरून रस काढला, गाळला, झाकण लावलं आणि फ्रिजमध्ये ठेवला. मी चार-पाच बत्तायी गुपचूप बाजूला काढून ठेवल्या.

ऊन कलल्यावर मंडळी जमली. मी खाली भज्यांचं पीठ भिजवत होते. वर बर्फाचा आवाज झाला, मग शांतता. मी हसण्याची वाट बघत राहिले. हसणं आलंच नाही. मग रेड्डींचा आवाज जिन्यातून स्पष्ट खाली आला.

"सुधीर, ये क्या पिलारा यार? कुनैन है क्या?"

"औषधी आहे," किशोर म्हणाले. वकिलाला साजेसं बोलणं.

थोड्या वेळाने सुधीर रिकामा जग हातात घेऊन खाली आले. तोंड कडवट, आतून आणि बाहेरूनही.

"मंगल, काहीतरी कर ना."

'मी सांगितलं होतं' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं, कारण त्याहून चांगलं काहीतरी मला सुचलं होतं.

"करते. पण रस काढल्या काढल्या प्यायला हवा. इथे काढून वर पाठवेपर्यंत कडू होईल. मला वर येऊनच काढावा लागेल, एकेका पेल्यापुरता."

"वर?"

"मग काय, तुम्ही तिघे स्वयंपाकघरात येऊन बसता का?"

हे सगळंच काही खरं नव्हतं. रस थोडा वेळ तरी चांगला राहतो, आणि जिना चढायला असा कितीसा वेळ लागतो. पण सुधीर जरा आधीच पोळले होते, त्यामुळे त्यांनी वाद घातला नाही. मी ताटात बत्तायी घेतल्या, सुरी, काचेची पिळणी, मीठ, साखर. जाता जाता अंगणातल्या झाडाचं शेवटचं दब्बकाया तोडलं. हे लिंबाच्या जातीचं मोठं फळ, रस जहाल आंबट. शेजारच्या तेलुगू बायका त्याच्या रसाचा भात करतात. मला मात्र त्याची साल आवडते. नुसती चिमटली तरी बोटांना दिवसभर वास येतो.

गच्चीवर मी चौथी खुर्ची ओढून बसले. तिघेही ताठ.

मी बत्तायी कापली आणि हलक्या हाताने पिळली. जोर लावला की बियांचा आणि पांढऱ्या सालीचा कडूपणा उतरतो. पेल्यात बर्फ, त्यावर सुधीरनी मोजून घातलेली व्होडका, त्याच्या दुप्पट रस. दब्बकायाचे काही थेंब, कारण बत्तायी नुसतीच गोड असते, तिला जरा कुणी टोकणारं लागतं. चिमूटभर साखर, त्याहून कमी मीठ. शेवटी दब्बकायाच्या हिरव्या सालीची पट्टी पेल्यावर धरून पीळ दिला. सालीतलं तेल बारीक तुषारांनी उडालं आणि गच्चीभर वास पसरला. ती पट्टी तशीच पेल्यात टाकली.

रेड्डींनी घोट घेतला आणि डोळे मिटले. "अब्बा. भाभी, ये हुई ना बात. सुधीर का तो काढा था."

"हौ, एकदम फर्स्ट क्लास, वहिनी," किशोर म्हणाले.

मला बरं वाटलं. पण नंतर काय? किशोर उन्हाळ्याबद्दल बोलले. रेड्डी म्युनिसिपालिटीच्या नळाबद्दल बोलले. सुधीर पेन्शनच्या ऑफिसबद्दल बोलले, तेही मी सकाळीच ऐकलेलं. सगळं इतकं सभ्य, की मला गुदमरल्यासारखं झालं. मी वर आले होते, खुर्ची मिळाली होती, आणि ज्याच्यासाठी आले ते माझ्या येण्यानेच पळून गेलं होतं. मी असेन तिथे ते नसणार, हे इतकं उघड होतं. दुसरे पेले भरून दिले आणि मी साली गोळा करू लागले.

"कैकू उठते भाभी, बैठो ना," रेड्डी म्हणाले. दुसरा पेला त्यांचा निम्मा झाला होता. ते सुधीरकडे वळले. "अरे, इस हफ्ते का तो सुनायाच नै तुम. हेडमास्टरनी का."

किशोरनी खुर्चीखालून त्यांना पाय मारला. मला तो दिसला. सुधीर आकाशाकडे बघू लागले.

"कोण हेडमास्टरीण?" मी वर्गातल्या आवाजात विचारलं.

हा आवाज मी पुरेसा वापरलेला आहे, मला माहीत आहे की त्यापुढे फार वेळ कुणी टिकत नाही. शेवटी किशोरच बोलले.

"वहिनी, राग नक्को मानू. तुम्हीच. सुधीर दर शनिवारी तुमची एक गोष्ट सांगतो. आठवड्यात तुम्ही कुणाला काय बोललात, ती. आम्ही त्याच्यासाठीच येतो."

मला शाळेने कधी मुख्याध्यापिका केलं नाही. रेड्डींनी परस्पर बढती दिलेली होती. पण त्या क्षणी मला हसू आलं नाही. अंगाची लाही झाली.

"म्हणजे इतकी वर्षं माझी टिंगल चाललीय इथे?"

"टिंगल नाही," सुधीर म्हणाले. अगदी हळू म्हणाले.

"मग काय आहे ते सांगून दाखवा. माझ्यासमोर."

त्यांनी पेला खाली ठेवला. मग उठले, खांद्यावरच्या पंच्याचं टोक पदरासारखं कमरेला खोचलं, आणि माझ्या आवाजात बोलायला लागले.

गोष्ट त्या आठवड्यातल्याच व्हॅक्यूम क्लीनरवाल्याची होती. टाय लावलेला एक सेल्समन दारात आला, नको नको म्हणताना आत शिरला आणि मशीनची करामत दाखवायला त्याने माझ्या धुतलेल्या जाजमावर पिशवीभर धूळ ओतली. तेवढ्यात वीज गेली. मी त्याच्या हातात केरसुणी दिली आणि म्हटलं, हे याचं जुनं मॉडेल, याला करंट लागत नाही, चालवून दाखवा. तो बिचारा टाय खांद्यावर टाकून झाडत होता आणि मी मागे उभी राहून कोपरे दाखवत होते. मग त्याला चहा दिला आणि मार्क दिले.

हे मी बुधवारी जेवताना सांगितलं होतं. सुधीर टीव्हीवर मॅच बघत होते आणि मान वर न करता 'हं' म्हणाले होते. आणि आता ते माझा शब्द न् शब्द बोलत होते. मी कुठे थांबले, कुठे चष्मा वर सरकवला, सगळं. मी सांगताना विसरलेला एक कोपरासुद्धा त्यांना माहीत होता, म्हणजे त्यांनी नंतर सोफा सरकवून बघितलं असणार. त्यांची मंगला माझ्याहून धीट होती, आणि ती बोलत असताना त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मला त्यांच्याकडे नीट बघवेना. हा माणूस ऐकत होता. बंदीत, बंदीनंतर, रोज, पेपराच्या पलीकडून. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला आणि मला फार, फार आनंद झाला.

"आणि शेवटी काय म्हणाली माहितीये?" सुधीर माझ्या आवाजात गरजले. "दहापैकी सहा."

किशोर आणि रेड्डी हसून वाकले. मी पदराने डोळे पुसले.

"चुकलं," मी म्हटलं.

तिघेही थबकले.

"सहा नाही. साडेसहा. टाय धुळीत लोळू दिला नाही, अर्धा मार्क नीटनेटकेपणाचा. आणि मधलंही तुम्ही गाळलंत. बसा खाली, मी सांगते."

सुधीर बसले. मग त्यांनी उरलेली बत्तायी घेतली, कापली आणि पिळणीवर दाबू लागले. जोर जास्तच लावत होते, बिया पेल्यात पडत होत्या. व्होडकाची बाटली उचलून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"झाकणभर," मी म्हटलं. "आणि साल मुरडायची विसरू नका."

पेला हातात आला तो जरा कडसरच होता. मी तो सगळा प्यायले आणि गोष्ट पहिल्यापासून सुरू केली, दारावरच्या बेलपासून. मी केरसुणीपर्यंत पोहोचलेही नव्हते आणि सुधीर हसायला लागले होते.