ताणलेली मेमरी

माझा भाऊ हुशार आहे, हे मी कुणासमोरही कबूल करते. पण हुशार माणसाला गप्प बसवत नाही ही खरी पंचाईत. बरा चाललेला पंखा उघडून बघायचा आणि मग म्हणायचं, "बरा चाललाय." जाड भिंगांच्या चष्म्यामुळे घरात त्याला ढापण्या म्हणतात. आई गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. मी एका कँटीनमध्ये स्वयंपाक करते, ढापण्या दुसऱ्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि अण्णा, म्हणजे आमचे वडील, भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे.

अण्णांचा आवाज म्हणजे काय सांगू! माल उतरला की ते फळ्यांच्या ढिगावर चढायचे. "एक वार! दोन वार! तीन वार!" आणि तिसऱ्या वाराला फळीवर तळहात असा आपटायचे की छपरावरची कबुतरं उडायची. हात आपटला की सौदा पक्का, मग देव आला तरी बदलायचा नाही. बाजारात त्यांना भोंगा म्हणत. घरात त्यांनी "मीठ दे" म्हटलं की शेजारीण मीठ घेऊन यायची.

तो आवाज बसायला लागला. आधी काढे झाले, मग गोळ्या झाल्या, मग गळ्यात नळी घालून बघितलं आणि डॉक्टर म्हणाले, "स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज जाईल." अण्णा तिथे हसले. "जन्मभर ओरडलो, आता बसतो जरा गप्प," म्हणाले. पण घरी येऊन जेवले नाहीत.

हॉस्पिटलमध्ये बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी वाट दाखवली. ऑपरेशनआधी भरपूर वाक्यं रेकॉर्ड करायची, शांत खोलीत, आवाज आणखी खराब व्हायच्या आत. कॉम्प्युटर तो आवाज शिकतो. मग अण्णांनी नुसतं टाइप करायचं, की यंत्र त्यांच्याच आवाजात बोलणार.

"म्हणजे माझाच भोंगा वाजणार?" अण्णांनी विचारलं.

"तुमचाच," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी अण्णा पोटभर जेवले. ऑपरेशनची भीती त्यांनी त्या एका शब्दावर टांगून ठेवली. मीही ठेवली, खोटं कशाला बोलू.

ढापण्याने स्वतः जोडलेला एक कॉम्प्युटर मागच्या खोलीत होता. आवाज शिकवण्याचं काम त्याच्यावर करायचं ठरलं. "पण हे असंच चाललं तर फार दिवस जातील," ढापण्या म्हणाला. "प्रोसेसर पळवतो जरा. ओव्हरक्लॉक करतो."

मी भाजी चिरत होते. "जे चाललंय ते चालू दे की बाबा."

"तुला समजावतो. प्रोसेसर म्हणजे तू, शेगडीपाशी उभी. मेमरी म्हणजे तुला चिरून देणारी बाई. तुझा हात दुप्पट चालला आणि ती आपली सावकाश चिरत बसली, तर तू झारा धरून नुसती उभी राहणार ना? म्हणून तिलाही तुझ्याबरोबर पळवायचं."

"आणि घाईत तिचं बोट कापलं म्हणजे?"

तो हसला. "मग मशीन लगेच बंद पडतं, ताई. कळतंच की."

त्याने बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या अगदी मुळातल्या सेटिंगमध्ये जाऊन काय आकडे वाढवायचे ते वाढवले. दिवसभर प्रोसेसरला राबवून बघितलं. मशीन बंद पडलं नाही, तापलं नाही. ढापण्या असा फुशारून फिरत होता की जणू घोड्यांची शर्यत जिंकून आलाय.

मग खिडकीला रजया टांगल्या, दाराला गादी लावली आणि अण्णांना माइकसमोर बसवलं. "आधी काहीतरी बोला, माइक तपासू दे," ढापण्या म्हणाला. अण्णांना दुसरं काय येतं! त्यांनी लिलाव पुकारला. मग बाईंनी दिलेली वाक्यं वाचायला घेतली, आणि वाक्यांशीच भांडण सुरू केलं.

"'आज हवा छान आहे.' असं मी जन्मात कधी म्हटलंय? ही बाई मला कोण समजते?"

"अण्णा, वाचा हो गुपचूप."

वाचून वाचून घसा सोलवटायचा. कोमट पाणी पिऊन परत बसायचे. शेवटी त्यांनी स्वतःची वाक्यं घातली. "बाजूला व्हा, माल येतोय." "ढापण्या, गाढवा, दिवा बंद कर." आणि माझ्याकडे न बघता, "ताई, तू जेवलीस का गं?" मी पाण्याचा तांब्या भरायला म्हणून बाहेर गेले आणि बराच वेळ बाहेरच राहिले.

सगळं झाल्यावर ढापण्याने ती रेकॉर्डिंगं एका मोठ्या फाइलमध्ये बांधून तिला पासवर्ड घातला. हॉस्पिटलला नंतर द्यायची प्रत तशीच बांधलेली हवी होती. एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि डिस्क भरली होती म्हणून सुटी रेकॉर्डिंगं काढून टाकली.

"मूळ राहू दे की रे," मी म्हटलं.

"दोन दोन ठिकाणी आहे, ताई. किती घाबरशील!"

ऑपरेशनच्या सकाळी अण्णांचा आवाज पार बसला होता, नुसती हवा. स्ट्रेचरवरून त्यांनी मला खाली वाकवलं. "ढापण्याला म्हणावं, यंत्र तयार ठेव. शुद्धीवर आलो की पहिली शिवी त्यालाच." आणि दार बंद झालं.

मी बाकावर बसले. फोन वाजला.

"ताई, उघडत नाहीये," ढापण्या म्हणाला.

"काय उघडत नाहीये?"

"फाइल. आवाज शिकवायला घेतला, तर उघडतच नाही. खराब झालीय म्हणतं."

"मग पेनड्राइव्ह लाव!"

"लावला. तीही तशीच. त्याच फाइलची प्रत ना ती." मग तो लहानपणी रडायचा तसा रडायला लागला. "चिरणारीचं बोट कापलं, ताई. पण ती ओरडलीच नाही. कापलेल्या बोटाने चिरत राहिली."

मग त्याने भडाभडा सांगितलं. त्याच्या प्रोसेसरला एकट्याला पळवता येत नव्हतं, म्हणून त्याने सगळ्या मशीनचा मूळ ठोका वाढवला. त्या ठोक्यावर मेमरीही पळते. तो वाढवला की मेमरीला एक पायरी खाली आणायची असते, हे त्याला ठाऊक होतं. पण खाली आणली तर प्रोसेसर पळवून फायदा तो काय, म्हणून त्याने तिला तशीच ताणली. आणि दिवसभर तपासला तो प्रोसेसर. मेमरी तपासलीच नाही. ती बंद पडत नव्हती, फक्त मधूनच एखादा आकडा चुकीचा देत होती. फोटोत असा आकडा चुकला तर एक ठिपका बिघडतो, कुणाला कळतही नाही. पण अशा घट्ट बांधलेल्या फाइलमध्ये एक आकडा चुकला की त्याच्या पुढचं सगळं गेलं.

"आणि तो कुठे चुकलाय?"

"सुरुवातीलाच," ढापण्या म्हणाला.

मी उठले आणि दार ठोठावलं. नर्स बाहेर आली.

"सिस्टर, मला दोन मिनिटं आत जाऊ द्या. त्यांच्याशी बोलायचंय. म्हणजे त्यांना बोलायला लावायचंय."

"भूल दिलीय हो त्यांना. सुरू झालंय आत."

"थांबवा ना मग!"

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला परत बाकावर बसवलं. आणि थांबवलं असतं तरी मी काय करणार होते? अण्णा, उठा, ते 'आज हवा छान आहे' पुन्हा वाचा, असं म्हणणार होते? त्या घशात वाचायला उरलं होतं काय? मी दाराकडे बघत बसले. पलीकडे डॉक्टर कापत होते.

पुढे सगळं करून झालं. फाइली परत मिळवून देणारा एक माणूस गाठला, त्याने हात टेकले. पुसलेल्या जागेवर ढापण्याच्या मशीनने केव्हाच दुसरं काही लिहून ठेवलं होतं. बाजारातल्या लोकांकडून अण्णांचे व्हिडिओ मागवले. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी ते ऐकून मान हलवली. त्यात टेम्पोचे हॉर्न होते, हमालांची भांडणं होती आणि त्यातून मध्येच अण्णा. ढापण्याने सगळे आकडे पहिल्यासारखे केले. आता ते मशीन बैलगाडीसारखं चालतं आणि एकही चूक करत नाही. मला ते उचलून जिन्यावरून फेकावंसं वाटतं.

अण्णा घरी आले. गळ्यात भोक, त्यावर जाळीचं फडकं. चपला काढल्या आणि थेट मागच्या खोलीत गेले. खुर्चीत बसले, एका बोटाने काहीतरी टाइप केलं आणि ढापण्याकडे बघून भुवया उडवल्या. वाजव म्हणून.

पडद्यावर लिहिलं होतं, 'गाढवा, दिवा बंद कर.'

ढापण्या चष्मा काढून पुसत बसला. मग मीच सांगितलं. आडवळणं मला जमत नाहीत. "अण्णा, ते सगळं गेलं. यंत्र बोलणार नाही."

त्यांनी पडद्याकडे बोट केलं. मग हाताने विचारलं, काहीच नाही?

"थोडंसं आहे," ढापण्या म्हणाला. "सुरुवातीचं. माइक तपासलेलं." आणि त्याने ते लावलं.

"एक वार! दोन वार!"

आणि तिथे तुटलं. शेजारणीच्या घरात भांडं पडल्याचा आवाज झाला. आमच्याकडून हाक आली असं वाटून ती दारात येऊन उभी राहिली.

अण्णांचं तोंड उघडलं. गळ्यातल्या जाळीतून नुसता फुस्स वारा आला. त्यांनी तोंड मिटलं, हात वर नेला आणि टेबलावर आपटला. कीबोर्ड उडाला. ढापण्याने डोळे गच्च मिटून घेतले.

मग अण्णांनी बोट फिरवलं. परत लाव.

ढापण्याने परत लावलं. अण्णांनी परत हात आपटला. परत बोट फिरवलं. तळहात लाल झाला होता. थांबा म्हणायचं होतं मला, पण कुणाला म्हणू तेच कळेना.