देश खेद व्यक्त करतो

आमच्या शाळेच्या अभिरूप राष्ट्रसंघ परिषदेत विद्यार्थी देश होतात. ज्याला जो देश मिळेल, त्याची भूमिका त्याने लिहून काढायची. माझ्या देशाने धरणासाठी चाळीस हजार माणसं उठवली होती. त्यांना पर्यायी जागा का दिली नाही, हे मला दोन पानांत पटवून द्यायचं होतं.

पहिला मसुदा बाईंनी परत केला. म्हणाल्या, "तुझा देश रडतोय. देश रडत नाहीत, खेद व्यक्त करतात."

संशोधनासाठी मी लांब गेलो नाही. बाबांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान रस्ता रुंदीकरणात गेलं, त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून ते पर्यायी गाळ्यासाठी अर्ज करतायत. फायलीत सरकारी उत्तरं सतरा, आणि एकातही 'नाही' हा शब्द नाही. इतका अस्सल माल ग्रंथालयात कुठला? फाईल कुणाच्या तरी कामाला आली म्हणून बाबाही खूश झाले.

"सातवं पत्र घे," ते म्हणाले, "त्या साहेबांनी फार गोड टोलवलंय."

'सहानुभूतीपूर्वक विचार सुरू आहे' मी तिथून उचललं. 'व्यापक जनहित' अकराव्यातलं. 'अर्जदार'च्या जागी चाळीस हजार घातले, झालं काम.

पहिला नंबर आला. बाबांनी चष्मा पुसून दोन्ही पानं वाचली, मग पुन्हा वाचली. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, त्यांची शेवटची सुनावणी होती. आईने सदऱ्याला इस्त्री करून ठेवली होती.

"या लोकांना आधी कळवलं होतं का?"

"तीनदा. दुसरा परिच्छेद."

"मग काय. देशाचीही बाजू असते रे. मला इतकी वर्षं कुणी नीट समजावलंच नाही."

हे सगळं तुमच्याच फायलीतलं आहे, असं मी सांगून पाहिलं. तुकड्यातुकड्यांत कळत नव्हतं, म्हणाले.

गुरुवारी सदरा खुंटीवरच राहिला. बाबा आईच्या मशीनला तेल देत बसले. आईने मला बाजूला घेऊन विचारलं, याच्या उलट लिहायला किती वेळ लागेल? मी म्हटलं, तशी सोय नाही, एकाला एकच देश मिळतो.

"बापही एकच मिळतो," ती म्हणाली.

आठवड्याने अठरावं पत्र आलं. अर्जदार गैरहजर, सबब प्रकरण बंद. बाबांनी ते वाचलं, भोक पाडून फायलीत लावलं.

"तुझं जास्त चांगलं होतं," म्हणाले.