भोक पाडलं कुणी?

पपईच्या बागेत माणसं मावत नव्हती. महिनोन् महिने पानांवर कापसासारखा बसलेला पिठ्या ढेकूण, ती परमुलखातून आलेली कीड, वाळून तपकिरी झाली होती. वाळलेल्या ढेकणांच्या पाठीवर सुईच्या टोकाएवढी भोकं होती. चारच दिवसांपूर्वी भस्मबाबांनी झाडांवर भस्म फुंकलं होतं. मग काय विचारता!

"माझ्या मंत्राचा बाण लागला आणि त्या भोकातून किडीचा प्राण गेला," बाबा सांगत होते. "आता हा मेलेला शाप पानांसकट जाळा, नाहीतर दुप्पट होऊन परतेल."

मेलेला शाप परततो कसा, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. लोकांनी भराभर पानं तोडून ढीग रचला. बागेचा मालक काडेपेटी घेऊन पुढे झाला आणि थबकला. ढिगावर त्याची थोरली बहीण फतकल मारून बसली होती, मांडीवर काचेची बरणी घेऊन.

शाळेच्या प्रयोगशाळेत उभा जन्म काढलेली ही बाई. दीड महिन्यापूर्वी तिनेच कीड संशोधन केंद्रातून गांधीलमाशीच्या जातीचे इवलेसे कीटक आणून बागेत सोडले होते. तेव्हा भाऊ हसला होता. हसला तर हसला. पण हे ढेकूण जळाले की त्यांच्या पोटात वाढणारी त्या कीटकांची पुढची पिढी जळणार आणि बाग पुन्हा पांढरी पडणार, या विचाराने तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"ताई, ऊठ. लोक बघतायत."

"बघू देत. त्यासाठीच बसलेय."

तिने बरणी उंच धरली. आतलं पान तिने दहा दिवसांपूर्वी तोडून ठेवलं होतं, बरणीच्या तोंडाला फडकं बांधून. भस्माचा कणही त्याला लागला नव्हता. तरी त्यावरचे ढेकूण तसेच तपकिरी होते, तशीच भोकं होती, आणि काचेवर तिळाहून लहान माश्या चालत होत्या.

"बाबा, बरणी बंद होती. तुमचा बाण आत कुठून शिरला?"

श्रद्धेला काच आडवी येत नाही, असं बाबा म्हणाले. मग घरूनच फुंकायचं होतं, इथवर पाय कशाला झिजवलेत, असं तिने विचारलं. गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं.

भावाने बरणी डोळ्यांशी धरली. एका वाळलेल्या ढेकणाची पाठ कुरतडली जात होती. आधी डोकं आलं, मग पाय, मग अख्खी माशी.

"भोक आतून पडतंय," तो म्हणाला.

"अंडं ती ढेकणात घालते. अळी त्याला आतून खाते आणि माशी होऊन निघते. बस, एवढाच मंत्र."

भावाने काडेपेटी खिशात टाकली आणि माश्या निघून बागेत जाव्यात म्हणून पानं उचलून झाडांखाली पसरायला घेतली. बाबा कधी सटकले, ते कुणाला कळलंही नाही.

हात खुशाल जोडा. पण जोडण्याआधी भोक आतून पडलंय की बाहेरून, एवढं वाकून बघा.