ढगांखालचा बांध

खाणीच्या कचेरीत तिला सगळे नकाशेवाली म्हणत. पूर्वी ती खरोखरच कागदी नकाशे सांभाळायची, धूळ झटकायची, साहेबांना हवा तो काढून द्यायची. मग ते नवं साधन आलं. उपग्रहाने काढलेले फोटो आपोआप तपासणारं, आणि जाहिरात अशी की प्रोग्रामिंगमधलं ओ की ठो कळत नसलं तरी चालेल! पडद्यावर चौकोन मांडायचे आणि रेघांनी जोडायचे, झालं काम. पहिला चौकोन ताजा फोटो आणतो. दुसरा ढगाळ फोटो फेकून देतो. तिसरा नवा फोटो जुन्याशी ताडून पाहतो आणि चौथा मेसेज धाडतो. फरक नसेल तर हिरवा, असेल तर लाल. नकाशेवालीने एका दुपारी सगळं जोडून दाखवलं. साहेब इतके खूश झाले की मेसेजखाली तिचंच नाव घातलं.

नजर ठेवायची होती ती गाळाच्या तळ्यावर. खनिज धुऊन उरलेला चिखल त्या तळ्यात सोडत, त्याला मातीचा बांध, आणि बांधाखाली कामगारांची वस्ती. त्या वस्तीत तिची धाकटी बहीण राहायची, नवरा आणि कडेवरची पोर घेऊन. पूर्वी बांधावरून रोज एक पहारेकरी फिरायचा. साधन आल्यावर त्याला फाटकावर बसवला, आणि रोजचा मेसेज थेट वस्तीतल्या सगळ्यांच्या मोबाइलवर जाऊ लागला. आता उगाच पायपीट कशाला, असं सगळ्यांनाच वाटलं. नकाशेवालीलाही वाटलं, खोटं कशाला बोला.

रोज सकाळी हिरव्या मेसेजबरोबर फोटो यायचा. ती त्यात धाकटीच्या छपरावरची निळी ताडपत्री शोधायची. नखाएवढा निळा ठिपका. आहे गं बाई जागेवर, असं म्हणायची आणि चहाला लागायची.

त्या दिवशी धाकटीचा फोन आला तो तक्रार घेऊनच. "ताई, तुझ्या कचेरीतून एक ताडपत्री मिळते का बघ ना. आमची मागच्याच आठवड्यात वाऱ्याने उडवली. घरभर बादल्या लावून बसलेय. हे म्हणतात, आता होडीच घेऊ."

नकाशेवाली हसली. हसता हसता तिची नजर समोरच्या फोटोवर गेली. आज सकाळचा फोटो. छपरावर निळा ठिपका.

तिने कालचा फोटो उघडला, परवाचा उघडला. सगळ्यांत तोच ठिपका, बांधाच्या वळणावर तोच पांढरा ट्रक. पाऊस लागल्यापासून नवा फोटो ढगाळच येत होता. दुसरा चौकोन तो इमानेइतबारे फेकून देत होता. तिसऱ्याला काहीच मिळत नव्हतं, म्हणून तो शेवटचा चांगला फोटो त्याच फोटोशी ताडत होता. फरक सापडणार कुठून? आणि नवा नसेल तर जुनाच फोटो पुढे सरकवणारी ही रेघ तिनेच जोडलेली. ढगाळ दिवशी काम मध्येच अडायचं आणि साहेबांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, म्हणून.

"फोन ठेवू नकोस," ती म्हणाली. "बांधाच्या पायथ्याशी जा आणि काय दिसतं ते सांग. लांबूनच."

"इतक्या पावसात? अगं, सकाळीच आलाय तुझा हिरवा."

"मी सांगते म्हणून जा."

धाकटी कुरकुरत गेली. छत्रीवरचा पाऊस, चिखलातली पावलं, सगळं ऐकू येत होतं. "पाणी येतंय खालून," ती म्हणाली. "फार नाही गं. आपल्या नळाएवढं."

"नितळ की गढूळ?"

"चहासारखं."

इंजिनियर एकदा म्हणाले होते, नितळ पाझर चालतो, पण गढूळ आला म्हणजे बांध आतून खचायला लागला. "पोरीला उचल आणि टेकडीवर पळ. सगळ्यांना उठव."

थोड्याच वेळात धाकटीचा आवाज रडवेला झाला. "कुणी ऐकत नाही ताई. मोबाइल दाखवतात. म्हणतात, तुझीच बहीण ठीक आहे म्हणते आणि तू काय सांगतेस?"

साहेब पाहुण्यांबरोबर, फोन बंद. हाताने मेसेज लिहायची सोय त्यांनीच काढून टाकली होती, उगाच अफवा नकोत म्हणून. मग नकाशेवालीने आयुष्यात केली नव्हती अशी लबाडी केली. बांध बांधण्याच्या आधीचा एक जुना फोटो शोधून काढला आणि ताजा म्हणून तिसऱ्या चौकोनात घातला. यंत्राला बांधच दिसेना. लाल मेसेज गेला: धोका, वस्ती सोडा. बांध टिकला तर नोकरी गेली, हे तिला कळत होतं. टिकू दे बाई, नोकरी गेली तर गेली, असंही ती मनात म्हणाली.

वस्ती टेकडीवर चढली. धाकटी, पोर, मेहुणा, सगळे. नकाशेवालीने फोन स्पीकरवर टाकून चालूच टेबलावर ठेवला आणि डोळे पुसले.

तेवढ्यात साहेब आले, ताडताड. "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? बांध जागच्या जागी आहे. सगळीकडे बोंबाबोंब झालीय." तिने ढगांचं सांगितलं, गढूळ पाण्याचं सांगितलं. त्यांनी तिला बाजूला सारलं, तिच्या खुर्चीत बसून खोटा फोटो काढून टाकला आणि बटण दाबलं. एवढं त्यांनाही येत होतं. कुणालाही यावं असंच ते साधन होतं. तिने त्यांचं मनगट धरलं, पण उशीर झाला होता.

टेबलावरच्या फोनमधून टेकडीवरचे मोबाइल वाजलेले ऐकू आले.

"हिरवा आला ताई," धाकटी म्हणाली. "सुटलो बाई. हे उतरायलाही लागले, पोरीचं औषध घरात राहिलंय."

"तो माझा नाही. थांबव त्यांना."

"खाली तुझंच नाव आहे."

"असू दे. माझा नाही गं तो, हाक मार त्यांना."

धाकटीने हाक मारली. पुन्हा मारली. पावसात तिचा आवाज पोचत नसावा. मग फोनमध्ये खडी ओतल्यासारखा आवाज सुरू झाला आणि थांबेचना. साहेबांचा हात माउसवर तसाच राहिला.

"ताई," धाकटी म्हणाली, "लाल पाठव ना परत. ते फोन बघतात गं. लगेच बघतात."

साहेब खुर्चीवरून उठले. नकाशेवालीने तो जुना फोटो पुन्हा घातला आणि बटण दाबलं. टेकडीवरचे मोबाइल एकापाठोपाठ एक वाजले, तेवढे तिला ऐकू आले. खाली गेलेला एक वाजला की नाही, ते तिथून कळत नव्हतं.