तुमची लेक

आमच्या कंपनीत साबण कुणी विकत नाही, सगळे नातं विकतात. मोठे साहेब दर सोमवारी हे ऐकवतात आणि आम्ही माना डोलावतो. पाच वेष्टनं पाठवणाऱ्या ग्राहकाला घरी पत्र जातं. मजकूर छापील, पण शेवटची ओळ निळ्या शाईने, हाताने लिहिलेली, आणि तिच्याखाली 'तुमची लेक'. ही लेक म्हणजे मी. सहा वर्षं मी दिवसाला दोनशे घरांची लेक होत होते आणि त्याचा मला चांगलाच तोरा होता.

ओळी ठरलेल्या होत्या, एकूण बारा. 'जिवाला जपा', 'वेळेवर जेवा', 'आठवण येते', अशा. त्या पाळीपाळीने लिहायच्या. पत्ते खालच्या मजल्यावर चिकटवले जात. ग्राहक वेष्टनांसोबत चिठ्ठ्या पाठवत, त्याही तिथेच उघडल्या जात. आम्हा लिहिणाऱ्यांना त्या वाचायची मनाई होती. वाचलं की मन गुंततं आणि हात मंदावतो, असं साहेबांचं म्हणणं. मला ते सोयीचंच होतं.

स्वतःच्या आईशी मात्र मी चार वर्षं बोलत नव्हते. बाबा गेल्यावर तिला म्हटलं, माझ्याकडे राहायला चल. ती म्हणाली, हे घर सोडून मी कुठे जायची नाही. शब्दाने शब्द वाढला आणि मी बोलून गेले, "मग राहा एकटी. मला फोनही करू नकोस." तिने खरंच केला नाही. मीही केला नाही. नाकावरचा राग आम्हा मायलेकींचा एकाच साच्यातला. आज करू, उद्या करू म्हणत वर्षं गेली, आणि मग शेजारच्या काकूंचाच फोन आला. आई दुपारी जरा पडते म्हणाली होती, ती उठलीच नाही.

सगळं उरकल्यावर मी तिचं कपाट उघडलं तर वासाचा भपकारा आला. आत आमचे साबण होते, वेष्टनं काढलेले, एकावर एक नीट रचलेले. मोजले, एकशे दहा. एकालाही पाणी लागलं नव्हतं. लागणार कसं? वासाचा साबण आईला जन्मात कधी चालला नाही, अंगभर पुरळ उठायचं. साबणांच्या मागे एकवीस पत्रं होती. घड्या अशा घातल्या होत्या की फक्त शेवटची ओळ वर यावी. मला पहिलं अक्षर तिने हात धरून गिरवायला शिकवलं होतं. ते तिला ओळखू येणार नाही तर कुणाला येणार?

दाराशी एक बॅग भरून ठेवलेली होती. काकू म्हणाल्या, "ही भरून दोन महिने झाले. रोज उघडायच्या, पुन्हा लावायच्या. विचारलं की म्हणायच्या, लेक न्यायला येणारे."

मी असं कधी कळवलंच नव्हतं, हे मी काकूंना सांगितलं. बॅगेच्या कप्प्यातून त्यांनी बाविसावं पत्र काढून दिलं. खाली माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'लवकरच भेटू'. नवा साबण बाजारात येणार होता, त्यासाठी यादीत घातलेली ती ओळ.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले आणि थेट खालच्या मजल्यावर उतरले. आई माझ्यावर रागावूनच गेली का, एवढंच मला हवं होतं. चिठ्ठ्या सांभाळणाऱ्या बाईंनी आधी नियम सांगितला, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्याने आईची फाईल काढून दिली.

'अक्षर बिघडलंय तुझं. घाईत लिहितेस.' ही पहिली. पुढच्या एकीत होतं, 'वरचं छापलेलं काही कळत नाही, पण खालचं रोज वाचते. तू जेवतेस ना वेळेवर?' आणखी एक, 'फोन करणार होते. पण तू नको म्हणालीस. आणि चिडून हेही बंद केलंस तर मी काय करू?' प्रत्येक चिठ्ठीवर आमचा शिक्का होता, 'समाधानी ग्राहक. उत्तर नको.' बाई पाणी घेऊन आल्या. पेला बाजूला सारून मी पुढच्या चिठ्ठ्या उघडत गेले.

रागावली नव्हती. चार वर्षं ती माझ्याशी बोलत होती, आणि मी तिच्या चिठ्ठ्यांच्या वरच्याच मजल्यावर बसून दुनियेला जिवाला जपायला सांगत होते.

शेवटच्या चिठ्ठीतलं अक्षर थरथरलेलं होतं. 'तू जिंकलीस. मला आता एकटीने होत नाही. न्यायला ये. येणार असशील तर पत्रात खाली तसं लिही, म्हणजे मी तयारी करून ठेवते.'

शिक्का तोच होता. तारीख दोन महिन्यांपूर्वीची. त्याच आठवड्यात मी खाली तसं लिहिलं होतं, गठ्ठा पुढे सरकवला होता आणि जेवायला गेले होते.