शनिवारचं तेल

दत्तप्रसादच्या जिवाची काळजी जयानं केव्हाच मारुतीवर सोपवली होती. स्वतःकडे तिनं फक्त शनिवार ठेवला होता. कोइमतूरकडच्या एका शर्यतीत त्याची गाडी कोलांट्या खात उलटली आणि तो नुसत्या खरचटण्यावर निभावला, तेव्हापासून शनिवारी ती मीठ खात नसे. सकाळी रुईच्या पानांची माळ आणि वाटीभर तेल मारुतीला, संध्याकाळी दूध-केळं स्वतःला. दत्तप्रसाद चेष्टा करायचा. म्हणायचा, मारुतीरायांना टायरचंही जरा बघायला सांग, फार लवकर झिजतात. ती हसायची आणि वाती वळत राहायची.

त्याच्या वडलांचं शनिवार पेठेत स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं. बाजार खुला झाला, परदेशी गाड्या रस्त्यावर आल्या, आणि त्या गाड्यांची नाडी ओळखणारी माणसं पुण्यात फार नव्हती. दत्तप्रसादचं बस्तान बसलं. गाड्या नीट करता करता तो त्या पळवायला लागला, आणि हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं आपलं नाव त्याच्या गाडीच्या दारावर रंगवून घेतलं. त्या वर्षी तो आशियातल्या देशोदेशी फिरणाऱ्या रॅली-मालिकेत उतरला होता. मालिकेची शेवटची फेरी पुण्याला आली, आणि विजेतेपद दोघांपैकी एकाचं होणार हे तोवर ठरून गेलं होतं: दत्तप्रसाद, नाहीतर जपानचा मोरिता. इथं जो पुढे राहील तो. जिंकला तर कंपनी त्याला युरोपात पाठवणार होती. हरला तर चाळिशी जवळ आली होती, आणि पंचविशीतली पोरं रांगेत उभी होती.

आधीच्या सगळ्या फेऱ्या मातीच्या रस्त्यांवर झाल्या होत्या. ही सगळी डांबरावर. कात्रजच्या पलीकडचा एक जुना घाट त्यासाठी मुद्दाम नव्यानं डांबरून घेतला होता. एकदा जेवताना दत्तप्रसाद सांगत होता, "मातीत गाडी घसरायच्या आधी बोलते. डांबरावर बोलत नाही. असते, असते, आणि एकदम नसते." एवढं बोलून त्यानं आमटी वाढून घेतली. जयाचा घास मात्र हातातच राहिला.

त्या घाटातच, मधल्या मोठ्या वळणावर, उंबराच्या सावलीत एक मारुती होता. जयानं नवस बोलला होता, की धनी शेवटच्या फेरीपर्यंत धडधाकट पोचले तर याच मारुतीला डबाभर तेलाचा अभिषेक करीन. शेवटची फेरी शनिवारी संपत होती. यापरता शुभशकुन कुठला?

रस्ता नऊ वाजता बंद होणार होता, म्हणून ती रिक्षा करून त्याआधीच पोचली. देवळाची व्यवस्था बायडाबाई बघायची. खालच्या वाडीतली, साठीची, काटक बाई. एरवी दिवसभर थोडं थोडं येणारं तेल आज सगळ्या गावांनी सकाळीच आणून ओतलं होतं. मारुती नुसता चकाकत होता. पायाशी दगडी पन्हळ, पन्हळीखाली कुंडी. त्यातलं तेल बायडाबाई काढून ठेवायची आणि दिव्यांना वापरायची.

"कुंडी भरत आली हाय," ती जयाचा डबा बघून म्हणाली. "पर देवाला न्हाई कसं म्हनायचं? वता."

जयानं ओतलं. डोळे मिटून, नाव घेत, शेवटचा थेंब निथळेपर्यंत. कुंडीतून वर आलेलं तेल पूर्वापार रस्त्याकडेच्या गटारात जायचं. पण नवं डांबर घालणाऱ्यांनी ते गटार बुजवून टाकलं होतं, हे ना बायडाबाईच्या ध्यानात आलं ना जयाच्या. रस्त्यावर काय चाललंय ते बघायला त्या आल्याच नव्हत्या.

नऊ वाजता पिवळ्या फिती बांधल्या गेल्या आणि ज्याला जिथं होतं तिथंच थांबायला सांगितलं. वळणावर झेंडा आणि वायरलेस घेऊन अपेक्षा नावाची मुलगी उभी होती. एरवी ती हिंजवडीतच कुठंतरी संगणकावर बसायची. रॅलीसाठी दोन दिवस रजा टाकून आली होती. जया कोण ते कळल्यावर तिनं आपली घडीची खुर्ची तिला देऊ केली. जयानं देवळाचा कट्टा बरा म्हटलं.

रस्ता तपासणारी गाडी येऊन गेली. तेव्हा वळण कोरडं होतं; मूर्तीवरून निथळणारं तेल अजून कुंडीच्या काठाशी यायचं होतं. दुपारपर्यंत आधीचे टप्पे दुसऱ्या रस्त्यांवर झाले. अपेक्षा वायरलेसवर ऐकून येऊन सांगायची. आधी दत्तप्रसाद मागे होता, मग जवळ आला, मग अगदी हाताच्या अंतरावर. शेवटच्या टप्प्याआधी मोरिता तेवढा एक श्वासभर पुढे होता. आता हा घाट, आणि संपलं. मोरिता आधी सुटणार, दोन मिनिटांनी दत्तप्रसाद.

ऊन डोक्यावरून ढळलं होतं. जया कट्ट्यावर बसून जप करत होती, आणि जप करता करता तिची नजर एका पानावर गेली. रुईचं एक पान, माळेतून सुटलेलं, रस्त्याच्या कडेला पडलेलं. वारा नव्हता. तरी ते पान हळूहळू रस्त्यावर सरकत होतं. थोडं थांबे, पुन्हा सरके. कोणीतरी बोटानं ढकलल्यासारखं.

ती उठून फितीपाशी गेली. उंबराच्या सावलीत नवं काळं डांबर, आणि त्यावर काळसर ओल. उभ्यानं दिसणार नाही, वाकल्यावरच दिसावी अशी. कुंडीपासून निघून वळणाच्या ऐन पोटात पसरलेली. पलीकडे कंबरेएवढा जुना कठडा, आणि कठड्यापलीकडे काही नाही. खूप खाली वाडीची कौलं.

तिनं खाली बसून बोट लावलं, वास घेतला. तिळाचं. तिनं स्वतः घाण्यावरून आणलेलं.

खालून, घाटाच्या तळाशी, इंजिन रेटल्याचा आवाज आला.

त्याच वेळी एक विचार तिच्या मनात आला. आला तोही कसा, शहाण्या नातेवाइकासारखा, चपला काढून, हळू आवाजात. पहिली गाडी मोरिताची आहे. इथं जे व्हायचं ते त्याचं होईल. झालं की ही मुलगी झेंडा दाखवील आणि मागची गाडी थांबेल. दत्तप्रसादच्या केसालाही धक्का लागणार नाही. मारुतीनं तुझं ऐकलंय, आणि तू काय करायला निघालीस? काही करायचं नाहीये. नुसतं बसायचंय.

आदल्या दिवशी मोरिता त्यांच्या तंबूत आला होता. ठेंगणा, लाजाळू माणूस. त्यानं जयाच्या हातची शंकरपाळी खाल्ली, आणखी दोन मागून घेतली, आणि पाकिटातला मुलीचा फोटो दाखवला. पुढचे दोन दात पडलेली मुलगी.

जयानं देवाकडे पाहिलं. शेंदराच्या त्या डोळ्यांत काहीच नव्हतं. ना होकार, ना नकार. इतक्या शनिवारांत पहिल्यांदाच तिला वाटलं, की आपण बोलतोय आणि समोर कोणी नाही. किंवा आहे, आणि बघतंय, आपण काय करतो ते.

इंजिनाचा आवाज एक वळण वर आला.

"अपेक्षा, रस्त्यावर तेल आहे," ती म्हणाली. तिचा आवाज मुळातच हळू. तिला पुन्हा सांगावं लागलं.

अपेक्षानं वाकून बघितलं आणि ती पांढरी पडली. वायरलेस तोंडाशी नेला, पण कळ दाबली नाही. "मॅडम, तुम्ही शुअर आहात ना? मी रेड दिला की स्टेज कॅन्सल. मग आत्ताचाच रिझल्ट फायनल होणार. आणि सर सेकंड आहेत."

"ते मीच ओतलंय. दे तू."

अपेक्षानं वायरलेसवर सांगितलं आणि लाल झेंडा घेऊन वळणाच्या खाली धावत सुटली. मोरिताची गाडी आलीच. झेंडा दिसताच त्यानं वेग उतरवला, पार सायकलीइतका केला, आणि तेवढ्या वेगातही वळणाच्या पोटात गाडीची शेपूट त्याच्या हातातून निघून गेली. अगदी संथपणे, आवाज न करता, गाडी आडवी सरकत गेली आणि कठड्याला टेकली. कठड्याचे दोन दगड निखळले. ते खाली पडल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला.

मोरिता उतरला. आधी दरीकडे बघितलं, मग बोटानं रस्ता चाचपला, मग देवळाकडे. बायडाबाईनं घाईघाईनं पोतंभर राख आणून त्या ओलीवर टाकली. ती रडत होती आणि कुणाला काही विचारत नव्हती.

थोड्या वेळानं दत्तप्रसादची गाडी शांतपणे वर आली. त्याला सगळं वायरलेसवरच समजलं होतं. शेजारी बसून रस्ता वाचून दाखवणारा शहेजाद आधी उतरला. पंधरा वर्षांचा दोस्त, घरचाच. तो थेट जयाकडे आला आणि म्हणाला, वहिनी, आज तुमच्यामुळं एक घर वाचलं. दत्तप्रसादनं मोरिताला हात मिळवला, त्याच्या पाठीवर थोपटलं, जमलेल्यांच्या कॅमेऱ्यांकडे बघून हसला. चांगला हसला. जयाला वाटलं, सुटले.

मग तो देवळाकडे आला. बूट काढले, घंटा वाजवली, हात जोडले आणि तिच्या शेजारी कट्ट्यावर बसला. घामानं केस कपाळाला चिकटले होते.

"पुढची गाडी त्याची आहे हे तुला माहीत होतं?" त्यानं विचारलं.

"हो."

"आणि मी दोन मिनिटं मागे."

"हो."

"मग दोन मिनिटं गप्प बसायचं होतंस."

तो हे चेष्टेत म्हणाला असेल म्हणून जया थांबून राहिली. त्याच्या तिरकस बोलण्याची तिला सवय होती. बोलून झालं की डोळ्याचा एक कोपरा हसायचा. ती त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. तो बुटाची नाडी बांधत होता, नीट, दोन्ही फेरे ओढून. दोन पावलांवर शहेजाद पाण्याची बाटली घेऊन उभा होता. त्यानं ऐकलं होतं. त्यानं बाटली कट्ट्यावर ठेवली आणि गाडीकडे परत गेला.

"चल, घरी सोडतो तुला," दत्तप्रसाद उठत म्हणाला, रोजच्याच आवाजात. "जीप आलीय वर. उपास असेल तुझा."

घाट उतरायचा होता. सगळी वळणं, आणि चाकावर त्याचे हात. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्याच्या शेजारी बसताना तिला कधी भीती वाटली नव्हती. मागे बसलेल्या बायकांनी डोळे मिटले तरी ती समोर बघत बसायची.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "रस्ता उघडला की मी एसटीनं येते. स्वारगेटहून चालत येईन."

"गाडी असताना एसटी?"

"येते मी."

त्यानं खांदे उडवले आणि गेला. बायडाबाई राखेनं भरलेले हात झटकत जवळ आली. विचारलं, मालक लई रागावलं का.

"नाही हो," जया म्हणाली. "रागावले असते तर बरं झालं असतं."